डिस्ट्रिब्युटरमधील तेलगळती

डिस्ट्रिब्युटरमधील तेलगळती हा जुन्या पेट्रोल मोटारगाड्यांच्या प्रज्वलन प्रणालीत वारंवार आढळणारा बिघाड होय. डिस्ट्रिब्युटर अर्थात वितरक इंजिनाच्या कॅमशाफ्टकडून गती घेतो. त्यामुळे त्याचे एक टोक इंजिन ऑइलच्या संपर्कात, तर दुसरे टोक उच्च दाबाच्या विजेच्या संपर्कात असते. या दोन टोकांमधील रबरी सील उष्णतेने व वयोमानाने कडक झाले की तेल इंजिनावर झिरपते किंवा थेट डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये शिरते. पहिल्या प्रकारात प्रामुख्याने तेल वाया जाते व इंजिन माखते; दुसऱ्या प्रकारात ठिणगी कमजोर होऊन चालू गाडी रस्त्यात बंद पडू शकते. दोन्ही गळतींचे उपाय वेगळे असल्याने, तेल नेमके कोणत्या सीलमधून येत आहे हे आधी निश्चित करणे ही या दुरुस्तीतील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे.

पार्श्वभूमी

चार स्ट्रोकच्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरमधील इंधन व हवेचे मिश्रण ठरावीक क्षणी पेटवावे लागते. त्यासाठी इग्निशन कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्ट विजेपासून हजारो व्होल्ट दाबाची वीज निर्माण करते. ही वीज योग्य क्रमाने एकेका स्पार्क प्लगपर्यंत पोहोचविण्याचे काम डिस्ट्रिब्युटर करतो. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्को कंपनीने विकसित केलेली, बॅटरीवर चालणारी प्रज्वलन प्रणाली १९१० सालच्या कॅडिलॅक मोटारींत वापरली गेली. पुढे अनेक दशके डिस्ट्रिब्युटर हा पेट्रोल मोटारीचा नेहमीचा भाग राहिला. फ्रेंच व स्पॅनिश बोलीभाषांत डिस्ट्रिब्युटरला आजही ‘डेल्को’ असे म्हटले जाते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकनियंत्रित प्रज्वलन प्रणाली आणि प्रत्येक प्लगसाठी स्वतंत्र कॉइल आल्यानंतर नव्या गाड्यांतून डिस्ट्रिब्युटर हद्दपार झाला. तरीही जुन्या गाड्या जतन करणारे मालक आणि त्यांची दुरुस्ती करणारे कारागीर यांचा त्याच्याशी संबंध येतो. भारतात हिंदुस्थान ॲम्बॅसॅडरचे पेट्रोल इंजिन आणि मारुती ८०० चे कार्ब्युरेटर असलेले इंजिन ही डिस्ट्रिब्युटर असलेल्या इंजिनांची परिचित उदाहरणे आहेत.

रचना

डिस्ट्रिब्युटरच्या मध्यभागी एक शाफ्ट असतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात तो क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने, म्हणजे कॅमशाफ्टच्याच वेगाने फिरतो. शाफ्टच्या वरच्या टोकावर रोटर बसविलेला असतो. कॉइलकडून येणारी वीज कॅपच्या मध्यातून रोटरवर उतरते आणि रोटर फिरत असताना ती कॅपच्या कडेवरील एकेका टोकाला दिली जाते. रोटरच्या खाली ठिणगीची वेळ ठरविणारी यंत्रणा असते. जुन्या रचनेत हे काम कॉन्टॅक्ट पॉइंट व कंडेन्सर करतात. नंतरच्या रचनेत चुंबकीय, हॉल परिणामावर चालणारा किंवा प्रकाशीय संवेदक असतो.

शाफ्टला गती देण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत.

पहिल्या पद्धतीत तिरक्या दात्यांच्या गिअरमार्फत गती मिळते. कॅमशाफ्टवरील गिअर शाफ्टला काटकोनात फिरवतो. काही इंजिनांत हा गिअर डिस्ट्रिब्युटरच्याच शाफ्टवर पक्का केलेला असतो. काही इंजिनांत तो इंजिनामध्येच राहतो आणि डिस्ट्रिब्युटरचे टोक त्याच्या खाचेत अडकते. ॲम्बॅसॅडरमधील बीएमसी बी-सिरीज घराण्याचे १४८९ घनसेंमी इंजिन हे यातील दुसऱ्या रचनेचे उदाहरण आहे. त्यातील खाच मुद्दाम मध्याच्या एका बाजूस कापलेली असल्याने डिस्ट्रिब्युटर उलटा बसत नाही.

दुसऱ्या पद्धतीत डिस्ट्रिब्युटर सिलिंडर हेडच्या टोकाशी आडवा बसविलेला असतो व कॅमशाफ्टच्या टोकाशी थेट जोडलेला असतो. १९९० च्या दशकातील होंडा सिव्हिक व ॲकॉर्ड या गाड्यांतील डिस्ट्रिब्युटर असे होते. त्यांपैकी अनेकांत इग्निशन कॉइल आणि इग्नायटरही डिस्ट्रिब्युटरच्या आतच सामावलेले असत.

तेल अडविणारे भाग

डिस्ट्रिब्युटरमध्ये तेल दोन ठिकाणी अडविले जाते.

बाहेरील सील: डिस्ट्रिब्युटरचे कवच इंजिनाच्या ज्या भोकात बसते तेथे बहुधा रबरी ओ-रिंग, तर काही इंजिनांत कागदी गॅस्केट असते. हे दोन्ही भाग स्थिर असतात. त्यांच्यावर कशाचेही घर्षण होत नाही. ते प्रामुख्याने उष्णतेने बिघडतात. गोल छेदाची ओ-रिंग वर्षानुवर्षे दाबली जाऊन चपटी व कडक होते आणि तिचा ताण नाहीसा होतो.

आतील सील: फिरणारा शाफ्ट आणि स्थिर कवच यांच्यामध्ये स्प्रिंगने आवळलेला रबरी ओठ असलेले ऑइल सील असते. ते उष्णता आणि घर्षण या दोहोंनी झिजते. अनेक जुन्या डिस्ट्रिब्युटरांत असे सील नसतेच. त्यांत शाफ्ट धातूच्या बुशमध्ये फिरतो आणि दोहोंमधील अंतर अत्यल्प असल्यानेच तेल वर चढत नाही. अशा रचनेत बुश झिजणे हेच गळतीचे कारण ठरते.

काही डिस्ट्रिब्युटरांच्या कवचाला सील व बेअरिंग यांच्या दरम्यान बारीक छिद्र ठेवलेले असते. आतील सील बिघडल्यास तेल कॅपमध्ये न जाता या छिद्रातून बाहेर पडावे, हा त्याचा हेतू असतो. छिद्रातून तेल ठिबकू लागणे ही आतील सील निकामी झाल्याची सूचना होय. ते छिद्र बुजविल्यास गळती दिसेनाशी होते, पण तेल कॅपच्या दिशेने वळते.

कारणे

रबराचे वय आणि इंजिनाची उष्णता ही गळतीची मुख्य कारणे आहेत. त्यांखेरीज पुढील कारणे आढळतात.

क्रँककेसमधील वाढलेला दाब: पिस्टन रिंगांमधून निसटणारे वायू बाहेर काढणारी झडप, म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह, किंवा तिची नळी काजळीने तुंबली तर इंजिनाच्या आत दाब वाढतो. हा दाब तेलाला मिळेल त्या सीलमधून बाहेर ढकलतो. अशा वेळी केवळ सील बदलल्यास गळती थोड्याच काळात पुन्हा सुरू होते.

झिजलेला बुश किंवा बेअरिंग: शाफ्ट डुगडुगू लागला की सीलचा ओठ एका बाजूने दाबला जातो व दुसऱ्या बाजूने सुटतो. नवे सीलही अशा शाफ्टवर टिकत नाही.

शाफ्टवरील चर: सीलचा ओठ दीर्घकाळ एकाच जागी घासून शाफ्टवर बारीक चर पडतो आणि त्यातून तेल झिरपते.

तेलाची अतिरिक्त पातळी: डिपस्टिकवरील वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल भरल्यास तेल घुसळले जाऊन सीलांवरील भार वाढू शकतो.

परिणाम

इंजिन ऑइल हे विजेचे दुर्वाहक आहे. त्यामुळे कॅपमध्ये तेल शिरताच शॉर्ट सर्किट होते, ही समजूत बरोबर नाही. नुकसान हळूहळू होते. वापरलेल्या तेलात काजळी आणि धातूचे सूक्ष्म कण असतात. कॅपच्या आतील पृष्ठभागावर तेलाचा थर बसला की त्याला आणखी धूळ चिकटते. उच्च दाबाच्या ठिणग्यांनी हा थर करपतो आणि कॅपच्या दोन टोकांमध्ये कार्बनची बारीक रेघ तयार होते. पेन्सिलीने ओढल्यासारखी दिसणारी ही रेघ मात्र वीज वाहून नेते. मग ठिणगी प्लगपर्यंत न जाता या रेघेवरून भलत्याच टोकाकडे जाते.

कॉन्टॅक्ट पॉइंट असलेल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये तेलाचा थर पॉइंटवर जळून काळा पडतो. त्यामुळे पॉइंटमधील रोध वाढून कॉइलला पुरेसा विद्युतप्रवाह मिळत नाही. प्रकाशीय संवेदकात तेलाचा थर प्रकाशच अडवतो. याचा अनुभव चालकाला इंजिन अडखळणे, चढावर जोर न लागणे, गरम इंजिन बंद पडून लवकर सुरू न होणे अशा रूपांत येतो. पावसाळी हवेत हा त्रास अधिक जाणवतो.

बाहेरील गळतीचा धोका वेगळा आहे. तेल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ठिबकल्यास जळका वास व धूर येतो आणि आग लागण्याचा संभव असतो. रबरी नळ्या व वायरींची आवरणेही तेलाने फुगून मऊ पडू शकतात.

निदान

डिस्ट्रिब्युटरची बाहेरील गळती अनेकदा दुसऱ्याच गळतीचे रूप घेते. सिलिंडर हेडच्या टोकाशी असलेल्या डिस्ट्रिब्युटरमधून निघालेले तेल इंजिनाच्या मागील बाजूने ओघळत इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यावर साचते. खालून पाहणाऱ्यास ते क्रँकशाफ्टच्या मागील सीलमधून येत असल्याचे भासते. ते सील बदलण्यासाठी बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणजेच एका लहानशा ओ-रिंगच्या बिघाडासाठी मोठे व खर्चिक काम निष्कारण केले जाते आणि त्यानंतरही गळती थांबत नाही. उलटपक्षी, रॉकर कव्हरच्या गॅस्केटमधून ओघळलेले तेल डिस्ट्रिब्युटरवर साचून त्याच्यावरच संशय येतो. तेल नेहमी वरून खाली, आणि गाडी चालताना वाऱ्यामुळे मागे जाते. म्हणून गळतीचा उगम ओल्या भागाच्या सर्वांत वरच्या बिंदूशी शोधला जातो.

निदानासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

१. थंड इंजिनावरील तो भाग तेल काढणाऱ्या द्रावणाने पुसून पूर्ण कोरडा केला जातो.
२. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाभोवती व वरील सांध्यांवर टाल्कम पावडरचा पातळ थर दिला जातो.
३. इंजिन काही मिनिटे चालवून बंद केले जाते आणि पावडर प्रथम कोठे ओली झाली हे पाहिले जाते.
४. त्यानंतर कॅप काढून आतील भाग तपासला जातो. आत तेल असल्यास आतील सील किंवा बुश, आतील भाग कोरडा असून बूड ओले असल्यास बाहेरील ओ-रिंग, असा निष्कर्ष निघतो.
५. रोटर काढून शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहिला जातो. जाणवण्याइतका खेळ असल्यास बुश किंवा बेअरिंग झिजलेले असते.

जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये रोटरखाली वंगणासाठी नमद्याचा तुकडा असतो व त्यावर देखभालीच्या वेळी तेलाचे एक-दोन थेंब सोडावे लागतात. हे तेल जास्त झाल्यासही कॅपच्या आत तेलकटपणा दिसतो. असे तेल स्वच्छ व अल्प असते. इंजिनातून आलेले तेल काळसर असते आणि पुसल्यानंतर पुन्हा येते.

दुरुस्तीपूर्वीच्या खुणा

या दुरुस्तीत बहुतेक अडचणी सील बदलताना नव्हे, तर डिस्ट्रिब्युटर परत बसविताना येतात. त्याचा कोन थोडा जरी बदलला तरी ठिणगीची वेळ बदलते. म्हणून तो काढण्यापूर्वी पुढील खुणा केल्या जातात.

बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडविले जाते. प्लगच्या वायरींना क्रमांक दिले जातात, कारण प्रज्वलनाचा क्रम इंजिनागणिक वेगळा असतो. बहुतेक सरळ रांगेतील चार सिलिंडर इंजिनांत तो १-३-४-२ असा असतो. यानंतर क्रँकशाफ्ट हाताने फिरवून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन शीर्षबिंदूवर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत टीडीसीवर, आणला जातो. रोटरच्या एका फेऱ्यात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होत असल्याने पुलीवरील खूण दोनदा जुळते. त्यांपैकी ज्या वेळी रोटर पहिल्या सिलिंडरच्या टोकाकडे रोखलेला असतो, तीच योग्य स्थिती होय. या स्थितीत कवचाची इंजिनाशी आणि रोटरची कवचाशी असलेली जागा खरवडून किंवा रंगाने खूण करून ठेवली जाते.

तिरक्या दात्यांचा गिअर शाफ्टवरच असल्यास डिस्ट्रिब्युटर वर ओढताना रोटर काही अंश फिरतो. दाते सुटल्यानंतर रोटर जेथे थांबतो तेथे दुसरी खूण केली जाते. परत बसविताना रोटर या दुसऱ्या खुणेवर धरून डिस्ट्रिब्युटर खाली सोडला, तर तो फिरत फिरत पहिल्या खुणेवर येऊन थांबतो. डिस्ट्रिब्युटर बाहेर असताना क्रँकशाफ्ट फिरविला जात नाही.

बाहेरील ओ-रिंग बदलणे

पकड घट्ट करणारा बोल्ट काढून डिस्ट्रिब्युटर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत बाहेर घेतला जातो. अडकलेल्या डिस्ट्रिब्युटरला पेचकसाने उचकटल्यास ॲल्युमिनियमचे कवच तडकू शकते. त्याऐवजी गंज सैल करणारे तेल सोडून थोडा वेळ थांबणे सुरक्षित असते. जुनी ओ-रिंग लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने काढली जाते, कारण खाचेत पडलेला ओरखडा हा नव्या गळतीचा मार्ग ठरतो.

नवी ओ-रिंग मूळ मापाचीच असावी लागते. साधी नायट्राइल रबराची रिंग चालते. फ्लुओरिनयुक्त रबराची रिंग उष्णता अधिक सहन करते. रिंगला स्वच्छ इंजिन ऑइल लावले जाते, म्हणजे ती बसताना पिळवटत किंवा कापली जात नाही. ओ-रिंगच्या जोडीला सिलिकॉन सीलंट लावण्याची गरज नसते. जास्तीचे सीलंट इंजिनात पडून तेलाच्या मार्गात अडकण्याची भीतीही असते.

काही इंजिनांत डिस्ट्रिब्युटरचाच शाफ्ट खाली ऑइल पंपाला गती देतो. अशा इंजिनात डिस्ट्रिब्युटर पूर्ण खाली न बसल्यास पंपाची जोडणी झालेली नसते. ती जुळावी म्हणून पंपाचा दांडा लांब पेचकसाने किंचित फिरविला जातो. डिस्ट्रिब्युटर वरच अडकलेला असताना बोल्ट आवळून तो खाली ओढणे धोक्याचे असते. इंजिन सुरू केल्यावर तेलाच्या दाबाचा दिवा विझतो की नाही हे लगेच पाहिले जाते व तो न विझल्यास इंजिन तत्काळ बंद केले जाते.

आतील सील बदलणे

हे काम अधिक नाजूक असते, कारण त्यासाठी डिस्ट्रिब्युटर पूर्ण सुटा करावा लागतो. कॅप, रोटर, पॉइंट किंवा संवेदक काढल्यानंतर शाफ्टच्या खालच्या टोकावरील गिअर अथवा जोडणी दिसते. ती आडव्या पिनेने पक्की केलेली असते. पिन काढण्यापूर्वी गिअर आणि शाफ्ट या दोहोंवर सलग खूण करणे आवश्यक असते. गिअर किंवा जोडणी अर्ध्या फेऱ्याने उलटी बसल्यास रोटर विरुद्ध दिशेला रोखलेला राहतो व इंजिन सुरू होत नाही. कवचाला खालून नीट आधार देऊन पिन पंचने ठोकून काढली जाते. आधार नसल्यास शाफ्ट वाकू शकतो. शाफ्ट बाहेर काढताना त्यावरील वॉशर ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने मांडून ठेवले जातात.

जुने सील काढण्यापूर्वी ते किती खोल आणि कोणत्या दिशेला बसलेले आहे हे पाहिले जाते. नव्या सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे राहते. सील त्याच्या बाहेरील कडेइतक्या व्यासाच्या नळकांड्याने सरळ दाबून बसविले जाते आणि त्याच्या ओठाला थोडे ग्रीस लावले जाते. शाफ्टवर चर पडलेला असल्यास सील किंचित वर किंवा खाली बसवून ओठाला न झिजलेली जागा दिली जाते, अथवा शाफ्टवर पातळ धातूची बाही चढविली जाते. बुश झिजलेला असल्यास तोही याच वेळी बदलला जातो. जोडणी करताना नवी पिन वापरली जाते.

कॅप व रोटर द्रावणाने धुऊन पूर्ण वाळविले जातात. कॅपमध्ये कार्बनची रेघ किंवा तडा आढळल्यास ती बदलणेच योग्य ठरते, कारण रेघ खरवडली तरी तिचा माग शिल्लक राहतो. पॉइंट स्वच्छ करून त्यांतील अंतर पुन्हा बसविले जाते. उदाहरणार्थ, ल्यूकास २५डी या ब्रिटिश डिस्ट्रिब्युटरसाठी हे अंतर ०.३६ ते ०.४० मिलिमीटर असते.

प्रज्वलनाच्या वेळेची तपासणी

खुणा अचूक जुळविल्या तरी शेवटी वेळ टायमिंग लाइटने तपासली जाते. पहिल्या प्लगच्या वायरीला जोडलेला हा दिवा प्रत्येक ठिणगीबरोबर चमकतो व पुलीवरील खूण स्थिर भासते. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी काढावी की नाही आणि इंजिनाचा वेग किती असावा हे त्या गाडीच्या पुस्तिकेनुसार ठरते. वेळ जुळल्यावर पकडीचा बोल्ट घट्ट करून ती पुन्हा एकदा पाहिली जाते, कारण आवळताना कवच थोडे फिरू शकते. या तपासणीत सैल कपडे, केस आणि वायरी पंख्यापासून दूर ठेवणे आवश्यक आहे. कॅप व प्लगच्या वायरी चालू इंजिनावर उघड्या हाताने धरू नयेत.

प्रतिबंध

पीसीव्ही व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवणे, तेल ठरलेल्या पातळीपर्यंतच भरणे आणि कॅप काढण्याच्या प्रत्येक प्रसंगी आतील कोरडेपणा पाहणे, एवढ्याने बहुतेक गळती सुरुवातीलाच लक्षात येते. अन्य कारणाने डिस्ट्रिब्युटर काढावा लागल्यास ओ-रिंग त्याच वेळी बदलणे हितावह असते. दुरुस्तीनंतर काही दिवसांनी बूड व कॅप पुन्हा तपासली जाते. दोन्ही कोरडी असतील तर गळती थांबलेली असते. पुन्हा ओली झाली असतील तर सीलपेक्षा क्रँककेसमधील दाब किंवा शाफ्टची झीज याकडे लक्ष द्यावे लागते.

हे सुद्धा पहा

प्रज्वलन प्रणाली
कॅमशाफ्ट
स्पार्क प्लग
हिंदुस्थान ॲम्बॅसॅडर